फुंकर, लघवी की रक्त? निकोटीनची तपासणी निवडताना

चवथ संपून आठवडा झाला असेल. आमच्या फोंड्यातल्या लॅबमध्ये सत्तरीकडचे एक काका रक्त द्यायला आले. बाही वर करता करता म्हणाले, "बाय, शिबिरात यंत्रात फुंकून घेतलं, दोनच आले. मग हे रक्त कशाला?" बोलताना खालच्या ओठाआड दडलेली तंबाखूची चिमूट दिसत होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

फुंकरीचं यंत्र श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं आणि तो येतो जळण्यातून. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा साधारण ६ ते १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर जातो. तंबाखू-चुना मळून खाणारे, मिशेरी लावणारे, वेप ओढणारे मात्र सगळे कोरे सुटतात. उलट दिवसभर चुलीपुढे बसणाऱ्या आजीचा आकडा विनाकारण वर जाऊ शकतो. हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे रात्रभर न ओढलेला माणूस सकाळी बराच सोवळा दिसतो. तरी ओढणं सोडू पाहणाऱ्याला मी हेच यंत्र सुचवेन. सुई नाही, खर्च थोडा, आणि उतरता आकडा तिथल्या तिथे डोळ्यांसमोर. चघळणाऱ्याला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

रक्तात तरी नेमकं काय शोधायचं? खुद्द निकोटीन नव्हे. ते दोनेक तासांत निम्मं होतं, म्हणजे शेवटची चिमूट कधी घेतली एवढंच कळायचं. यकृत त्यातल्या बहुतांश भागाचं कोटिनिन बनवतं, आणि ते निम्मं व्हायला सरासरी १६ तास लागतात. त्यामुळे गेल्या तीन-चार दिवसांचा हिशेब त्यात सापडतो. रोज तंबाखू घेणाऱ्याच्या रक्तात ते १०० ते ३०० नॅनोग्राम प्रति मिलिलिटर किंवा त्याहूनही जास्त असतं. समजा २५० आहे आणि माणसाने पूर्ण बंद केलं: दोन दिवसांनी साधारण ३१, चार दिवसांनी ४. ओढणारा ठरवण्याची रेघ पूर्वी १४-१५ वर आखत. अमेरिकेतल्या २००९च्या अभ्यासानंतर ती ३ पर्यंत खाली आणावी असं म्हटलं जाऊ लागलं. रिपोर्टवर कुठली रेघ वापरली आहे ते आधी बघा, मग घाबरा किंवा खूश व्हा.

"मी ओढत नाही, नुसतं खातो" असं ऐकलं की मला चुना आठवतो. चुन्याने तोंडातला क्षार वाढतो आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरतं. चघळणाऱ्यांचे आकडे ओढणाऱ्यांच्या बरोबरीचे, कधी वरचेही येतात. नुसती सुपारी खाणाऱ्याचं कोटिनिन मात्र वाढत नाही, कारण तिच्यात निकोटीनच नाही. म्हणून ती निर्धोक ठरत नाही. तोंडाच्या कर्करोगाशी तिचं नातं वेगळं आहे आणि या तपासणीला ते दिसत नाही. वांग्यातही अगदी सूक्ष्म निकोटीन असतं, पण आगशीच्या वांग्यांवर खापर फोडू नका. भाजी खाऊन कुणाचा आकडा दोनशेवर जात नाही.

लघवीची पट्टी स्वस्त आणि सोपी. लघवीत कोटिनिन रक्ताच्या चार ते सहा पट असतं, म्हणून ते पकडायलाही सोपं. विमावाले बहुधा हीच मागतात. पण ती फक्त हो की नाही सांगते. अनेक पट्ट्यांची रेघ २०० वर असते, म्हणजे मधूनच एखादी चिमूट घेणारा खालून निसटतो. दोन शहाळी पिऊन आलेल्याची लघवी पातळ होते, तेव्हा क्रिएटिनिनशी, म्हणजे लघवी किती दाट ते सांगणाऱ्या द्रव्याशी, ताडून पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रक्त असं पातळ होत नाही आणि नमुना बदललाही जात नाही. किती घेतो, कमी झालं का, हे जाणायचं असेल तर मी रक्तच निवडेन. लाळेतला आकडा रक्ताच्या जवळपास येतो आणि लहान मुलांना तो सोयीचा. पण तोंडात तंबाखूचे कण असताना घेतलेली लाळ मला पटत नाही. घरातल्या धुराचा मुलावर काय परिणाम होतोय हे बघायचं असेल तर पट्टी सोडाच. तिथे आकडे बहुधा १ च्या आसपास किंवा खाली असतात आणि ते मास स्पेक्ट्रोमेट्री या अतिसूक्ष्म मोजणीच्या यंत्रावरच दिसतात.

खरी गफलत होते ती निकोटीन गम घेणाऱ्यांची. तंबाखू महिन्यापूर्वी सोडलेली, गम चालू, शस्त्रक्रिया जवळ आलेली आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. माणूस खचतो, घरचे संशयाने बघतात. कोटिनिनला गम आणि गुटखा यांतला फरक कळत नाही, त्वचेवर चिकटवायच्या निकोटीन पॅचचंही तेच. अशा वेळी लघवीतलं अनाबासिन तपासायला सांगा. ते तंबाखूच्या पानात असतं, गममध्ये नसतं. एनएनएएल नावाची तपासणीही आहे: तंबाखूतल्या कर्करोगकारक द्रव्याचा तो अंश, कित्येक दिवस शरीरात रेंगाळणारा. पण ती सहज होत नाही. तंबाखू सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या घेणाऱ्याला ही अडचण नाही, त्यांत निकोटीन नसतं. विम्याचा फॉर्म भरताना गमचा उल्लेख करा, नंतर खुलासे करत बसण्यापेक्षा ते बरं.

रक्तातून एक गोष्ट आणखी कळते. कोटिनिन आणि त्यापासून पुढे बनणारं हायड्रॉक्सिकोटिनिन यांच्या प्रमाणावरून तुमचं यकृत निकोटीन किती झपाट्याने संपवतं ते समजतं. दुसऱ्याला पहिल्याने भागून आकडा ०.३१ च्या वर येतो त्यांना, म्हणजे झपाट्याने संपवणाऱ्यांना, पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिन जास्त लागू पडल्याचं २०१५च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण नेहमीच्या तपासण्यांत हे प्रमाण मिळत नाही, तेव्हा औषधाचा निर्णय त्यावर अडवून ठेवू नका.

तंबाखूची देशव्यापी पाहणी सांगते की २०१६-१७ मध्ये तंबाखू घेणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वात कमी गोव्यात होतं, ९.७ टक्के. गुटख्यावर इथे २००५पासून बंदी. काकांना ते ठाऊक होतं, ऐकवूनही झालं. रिपोर्ट आला ३४०. शिबिराच्या चिठ्ठीवर २ च्या शेजारी त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला आणि विचारलं, "परत कधी येऊ?"

"आज सोडलीत तर पाचव्या दिवशी या. आणि गम सुरू केलात तर सुई टोचायच्या आधी मला सांगा."