उन्हाने रापलेला चेहरा: आयपीएल की फ्रॅक्शनल लेझर?

नाशिकच्या कॉलेज रोडच्या क्लिनिकांत ‘फोटोफेशियल’ म्हणून जे करतात ते आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट. हे लेझर नव्हेच. झेनॉन दिव्याचा झगझगीत झोत, साधारण 500 ते 1200 नॅनोमीटर तरंगलांबीचा. उन्हाचे तपकिरी डाग आणि लालसर बारीक रक्तवाहिन्यांवर उत्तम, सुरकुत्यांवर बेताचाच. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी कामावर हजर. गोम अशी की हा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, हुडकतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत ते सगळीकडेच असतं. सेटिंग चुकलं की यंत्राच्या काचेच्या मापाचे चौकोनी चट्टे उठतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणी करून नुकत्याच रापलेल्या माणसाने तर त्या झोताखाली जाऊच नये.

फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी पडणारा कार्बन डायऑक्साइड लेझर (10,600 नॅनोमीटर), रंग नाही, त्वचेतलं पाणी तापवतो. सूक्ष्म छिद्रं पडतात, भरताना नवं कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार होतं. सुरकुत्यांना हाच खरा उतारा. पण आठवडाभर सूज, खपल्या. वर सावळ्या त्वचेला नंतर काळे डाग पडायची भीती.

माझा कौल? खोल सुरकुत्यांना लेझर, तोही कमी ताकदीवर, पावसाळ्यात. नुसत्या डागांना आधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम. वांग असेल तर आयपीएल आणि लेझर दोन्ही लांबच ठेवा. तो उलट गडद होऊ शकतो.