आधी 'गॉन गर्ल' की 'रेबेका'?

दोन्ही कादंबऱ्या हाताशी आहेत आणि वेळ एकीपुरताच आहे, तर कुठली घ्यावी? दोन्ही मी दोनदा वाचल्या आहेत, म्हणून सांगतो.

दोन्हींतली भीती एकच. शेजारी झोपलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. खुन्याच्या गोष्टीत दाराला कडी लावली की जरा हायसं वाटतं. इथे ती सोय नाही.

गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'ची (२०१२) पकड जबरदस्त आहे, यात वादच नाही. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नाहीशी होते. मग एक प्रकरण नवऱ्याचं, निकचं, आणि एक तिच्या डायरीतलं. मला सगळ्यात झोंबली ती कोडी. दर वाढदिवसाला एमी निकसाठी कोडी लिहून ठेवते, उत्तरं दोघांच्या आठवणींत दडलेली. त्याला ती सुटत नाहीत. तिने जिवापाड जपलेला दिवस त्याच्या लक्षातसुद्धा नसतो. त्या पानांवर रक्ताचा थेंब नाही, तरी पुस्तक मिटून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

माझं अडलं ते दुसऱ्या वाचनात. मधला धक्का आता माहीत होता, आणि त्याच्या आधीचं निम्मं पुस्तक काही केल्या पुढे सरकेना. कुठलं वाक्य कशासाठी पेरलंय, कुठे मला मुद्दाम चकवलंय, तेवढंच दिसत राहिलं. पहिल्या खेपेला जिच्यासाठी जीव तुटला होता, तिच्याकडे लक्षच जाईना. कदाचित हा माझ्या वाचनाचा पिंड असेल; अनेकांना तीच कारागिरी पुन्हा बघण्यात आनंद मिळतो.

डॅफ्नी ड्यू मॉरिएच्या 'रेबेका'त (१९३८) तसं झालं नाही. मॉन्टे कार्लोची सुरुवातीची पानं संथ आहेत, हे कबूल. पण नवऱ्याच्या, मॅक्सिमच्या, मॅन्डर्ली या वाड्यावर पोचल्यावर गोष्ट सांगणाऱ्या त्या नव्या बायकोच्या हातून चिनी मातीची एक छोटी मूर्ती फुटते, आणि घरची मालकीण असून ती तुकडे गोळा करून खणात मागे सारून ठेवते. पुढे नोकरावर आळ येतो, तेव्हा नवऱ्यासमोर कबुली देणं भाग पडतं. रहस्य ठाऊक असतानाही हा प्रसंग दुसऱ्यांदा वाचताना मला जास्त लागला, कारण तिला ज्याची भीती वाटते ते सगळं कुठून आलंय, हे आता मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. पुस्तकभर तिचं पहिलं नावही कळत नाही; रेबेका ही मॅक्सिमची आधीची, वारलेली बायको.

एका रात्रीत संपवायचं असेल तर 'गॉन गर्ल' घ्या, पस्तावणार नाही. जवळ ठेवायचं असेल, तर मी 'रेबेका' देईन. फक्त हिचकॉकचा १९४० चा चित्रपट आधी बघू नका. तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमांपायी त्यात कथेतली कळीची गोष्टच बदलली गेली, आणि त्या बदलाने मॅक्सिमवरचं त्या नव्या बायकोचं प्रेम फार सोपं होऊन बसतं.