घरचा असेंबल्ड पीसी: सोलापुरात सतरा महिने वापरल्यावर

गड्ड्याच्या जत्रेच्या आठवडाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये हा कॉम्प्युटर घेतला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीचा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), बी४५० मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), मॉनिटर धरून साडेएकतीस हजार. माझं काम टॉवेल आणि चादरीच्या जॅकार्ड, म्हणजे मागावर विणून निघणाऱ्या नक्षीच्या, डिझाइनचं. घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, आणि भिंतीला भिंत लावून अण्णांचा कारखाना. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कारखाना म्हणजे घराच्या खालच्या मजल्यावर चालणारे चार-सहा यंत्रमाग. त्यांची खडखड आम्हाला ऐकूच येत नाही. ते बंद पडले तर मात्र झोपमोड होते.

मशीन म्हणून तक्रार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेताही डिझाइनचं सॉफ्टवेअर मख्खन चालतं, विंडोज चहात साखर विरघळायच्या आत उघडतं. घ्यायचा विचार असेल तर प्रोसेसरबद्दल डोळे झाकून हो म्हणेन. पण हा पहिल्या दोन महिन्यांचा अनुभव झाला. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मार्चमध्ये दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला डिझाइन एक्स्पोर्ट करताना कॉम्प्युटर पट्दिशी बंद झाला. निळी स्क्रीन नाही, हँग नाही, थेट अंधार. वाटलं लाईट गेली. पण पंखा फिरत होता. एप्रिलमध्ये हे रोज दुपारी होऊ लागलं. सकाळी सात ते अकरा काम केलं तर काही नाही. हा इशारा मी ओळखायला हवा होता. त्याऐवजी दुकानात घेऊन गेलो. 'विंडोज करप्ट आहे' म्हणून पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून मिळालं, माझे सगळे ब्रश आणि सेटिंग उडाले, आणि दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पुन्हा अंधार.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसत होती. ती बघून लगेच 'पॉवर सप्लाय गेला' असा निष्कर्ष काढू नका. नीट शटडाउन न होता मशीन बंद पडलं, एवढंच ती सांगते. कशामुळे, ते नाही. कामाची गोष्ट तिच्या तपशिलात असते: बगचेककोड (निळ्या स्क्रीनच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मग बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या मागे न लागता आधी उष्णता आणि वीज बघावी. माझ्याकडे प्रत्येक नोंदीत शून्यच होतं.

मावसभाऊ जुळे सोलापुरात राहतो, कॉम्प्युटरचा नाद त्याला शाळेपासून. त्याने येऊन साइड पॅनल काढलं आणि म्हणाला, "का बे, पंखा हाय का गादी?" प्रोसेसरवरच्या कूलरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, रुईचा पांढरा थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर गोल चकतीसारखा अख्खा निघाला, वरच्या बाजूला मऊ आणि खालच्या बाजूला पात्यांच्या रेघा उमटलेल्या. चार महिन्यांत! साधी धूळ फुंकर मारली की उडते. सुताचे तंतू एकमेकांत गुंततात आणि हवेची वाटच बंद करतात. बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. काहीच न करता प्रोसेसर ६४ वर आणि एक्स्पोर्ट लावलं की ९५ वर. या चिपची कमाल मर्यादाच ९५ आहे. सफाई करून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलल्यावर तेच आकडे ४३ आणि ७६ झाले.

सुटलो, असं वाटलं. दहा दिवसांनी मशीन सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारायचा आणि थांबायचा. आधी तिसऱ्या प्रयत्नाला लागायचं, मग सहाव्या, मग अजिबात नाही. दुसऱ्या एका दुकानाने न उघडताच 'बोर्ड गेला, आठ हजार' सांगितलं. तेवढ्यात अर्धा कॉम्प्युटर येतो, म्हणून घरीच बसलो.

आधी यूपीएस काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडलं. फरक नाही. कीबोर्डसकट सगळं सोडवलं. प्रोसेसर, एक रॅम आणि मॉनिटरची केबल एवढंच ठेवलं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिल्या. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, काढून पाच मिनिटांनी परत बसवला. कॅबिनेटचं बटणच खराब असेल म्हणून बोर्डाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. सगळीकडे तोच अर्धा फेरा.

उरला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा. त्याची २४ पिनांची केबल बोर्डातून काढून, मेन बंद ठेवून, हिरव्या आणि काळ्या वायरच्या पिनांत कागदाची क्लिप अडकवली आणि मग मेन चालू केला. पंखा मस्त फिरला, पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट. इथेच पुष्कळ लोक फसतात. रिकाम्या बैलगाडीला बैल ओढणारच. माल भरल्यावर काय होतं ते बघायचं. बोर्डाला जोडून बटण दाबलं, तर मीटरचा आकडा ९ च्या घरात घसरून शून्य. बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, ११.४ च्या खाली जायलाच नको. खात्रीसाठी भावाने स्वतःच्या मशीनचा एसएमपीएस आणून लावला आणि पहिल्या दाबात विंडोज.

म्हणजे बोर्ड ठणठणीत. गेला होता तो कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला डबा. वर ४५० वॅट छापलेलं, पण बिलात त्याचं नाव नाही, मॉडेल नाही. वॉरंटी मागायची कशावर? त्याच्याही जाळीत रुई कोंबलेली होती. आतला कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. स्वस्तातला माल, वर कोंडलेली उष्णता. आणि हो, एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

नवा एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला, पावणेचार हजारांना. त्याला आता वर्ष झालं. मधला अख्खा उन्हाळा एप्रिल-मेसकट गेला, एकदाही पट्दिशी अंधार नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर डासांची जाळी चिकटवली आहे, ती दर रविवारी ब्रशने झाडतो. महिन्यातून एकदा कॅबिनेट गच्चीवर नेऊन ब्लोअर मारतो. पंख्याला बोट लावून ठेवायचं, नाहीतर हवेने गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. पुढचा एक यूएसबी पोर्ट ढिला झालाय, कूलर उन्हाळ्यात कोकलतो, आणि रंगीबेरंगी दिवे बंद करायची सोय आजतागायत सापडली नाही.

एक राहिलंच. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, ते आम्ही 'असतंच' म्हणून सोडून दिलं होतं. भावाने मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३८ व्होल्ट. दोन-तीनच्या वर नको. वायरमन म्हणाला, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलाय. मीठ-कोळसा नव्याने भरला, पाणी ओतलं, आकडा दोनवर आला. आता उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. आई म्हणते, "तुळशीला तांब्याभर पुरत नाही, आन तू खड्ड्याला पाजतोस!" म्हणून नळ आला की पहिली बादली मी भरतो आणि ती देवपूजेला बसली की घराच्या मागे जातो.