जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घेताय? झाकण उघडून बघा

सोलापुरात जुन्या सामानाच्या एका दुकानातून मर्फी कंपनीचा व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ घेतला, मालक चालू आहे म्हणत आठ हजार सांगत होता, मी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायला लावलं तर एक व्हॉल्व्हच गायब, शेवटी साडेतीनला दिला. बंद सेटला याच्यावर देऊ नका बघा, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरचा (म्हणजे कपॅसिटरचा) खर्च वेगळा येतो. घरी आणल्या आणल्या डायरेक्ट प्लगला पण लावू नका, जुने कंडेन्सर वाळलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आधी रेडिओच्या सिरीजमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब लावायचा. डायलची काच मात्र अख्खीच पाहिजे, ती परत मिळणं लई अवघड. माझा आता रिपेअर होऊन आलाय, व्हॉल्व्ह तापले की हळूहळू मिडियम वेव्हचा आवाज चढतो, काय भरदार लागतो! दुकानाला तीन स्टार.