फूड स्टॅम्पसाठी ड्रग टेस्ट: सक्ती करावी की नको?

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका तरुण जोडप्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुमची तर अधूनमधून ड्रग टेस्ट होते. मग सरकारी पैशावर अन्न घेणाऱ्यांची का होऊ नये?" दोघंही नुकतेच अमेरिकेचे नागरिक झालेत. पहिलंच मतदान करायचंय, आणि आपल्या भागातल्या आमदाराला या विषयावर पत्र पाठवायचं त्यांच्या मनात आहे. तिळगूळ देता देता दोन वाक्यांत मिटवण्यासारखा हा विषय नव्हता, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ओरलँडोच्या आसपास एकोणीस वर्षं बस चालवतोय. व्यावसायिक लायसन्स असल्यामुळे टेस्टचं बोलावणं कधीही येतं आणि आलं की लगेच जावं लागतं. शनिवारी सकाळी एका फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, पिशव्या भरायला जातो. २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी फ्लोरिडात रोख मदतीच्या अर्जदारांना टेस्ट सक्तीची केली, तेव्हा मी त्या कायद्याच्या बाजूने होतो. डबा खाताना सहकाऱ्यांशी त्यावरून वाद घालायचो. माझं म्हणणं सरळ होतं: मी पगारासाठी लघवीचा नमुना देतो, त्या पगारातून कर कापला जातो, तर त्या करातून मदत घेणाऱ्याने तेवढं करायला काय हरकत आहे? आज माझं मत दुसरीकडे आहे. पण पहिलं मत मूर्खपणाचं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

वादात एक गोष्ट नेहमी मिसळते, ती आधी वेगळी करतो. फूड स्टॅम्प, म्हणजे गरीब घरांना अन्न घेण्यासाठी मिळणारी मदत, ही केंद्राची योजना. तिचं आताचं नाव स्नॅप, आणि पैसे ईबीटी नावाच्या कार्डावर येतात. कोण पात्र हे केंद्राचा कायदा ठरवतो, राज्याला मनाने नवी अट घालता येत नाही. जॉर्जियाने २०१४ मध्ये फूड स्टॅम्पसाठी टेस्टचा कायदा केला, तेव्हा केंद्राच्या कृषी खात्याने हे चालणार नाही असं कळवलं. विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये अशीच अट आणायचं ठरवलं आणि त्यासाठी केंद्राविरुद्ध कोर्टात गेलं. अपवाद आहे तो ड्रगच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचा. १९९६ च्या कायद्याने त्यांना फूड स्टॅम्प कायमचा बंद केला आणि ती बंदी उठवायची की सैल करायची हे राज्यांवर सोडलं. काही राज्यांनी ती सैल करताना टेस्टची अट घातली. बाकी सरसकट टेस्टचे जे प्रयोग झाले ते मुलं असलेल्या गरीब घरांना मिळणाऱ्या रोख मदतीवर, ज्याला इथे टॅनफ म्हणतात. म्हणून अनुभव बघायचा तर तिथलाच बघावा लागतो. शेवटी घर एकच असतं. कार्डावर दूध, तांदूळ, डाळ मिळते. साबण, डायपर, गरम शिजवलेलं जेवण त्यावर मिळत नाही. ते रोख पैशातून आणायचं.

आता टेस्टच्या बाजूने. पॅन्ट्रीतून घेतलेली पिशवी एका माणसाने रस्त्यापलीकडे जाऊन विकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याची सहा-सात वर्षांची मुलगी गाडीत बसून होती. त्या दिवशी कोणी माझ्यासमोर टेस्टच्या बाजूने सह्यांचा कागद धरला असता तर मी पहिली सही केली असती. व्यसन घर खातं, आणि आधी पोरांच्या ताटातलं खातं. टेस्टमुळे एखादा बाप उपचारापर्यंत पोहोचत असेल तर ते चांगलंच, असं म्हणणाऱ्यांच्या मनात द्वेष असतो असं मी मानत नाही. आपला पैसा नीट जागी जावा ही इच्छाही रास्तच आहे.

फ्लोरिडाचा कायदा जुलै २०११ ला सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये कोर्टाने थांबवला. तेवढ्या काळात ४,०८६ अर्जदारांची टेस्ट झाली, त्यात १०८ नापास. शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि त्यातही गांजाच सगळ्यात जास्त. खर्च आधी अर्जदाराने करायचा, साधारण तीस डॉलर. पास झाला तर राज्य ते परत देणार. ही परतफेड इतकी झाली की नापासांची मदत थांबवून जे वाचलं त्यापेक्षा सुमारे ४५,००० डॉलर जास्तच गेले. राज्याच्या हिशोबात ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. मला तरी त्या आकड्यांनी हलवलं नाही. पुढे आकडे सुधारले असते, असंच मी तेव्हा म्हणत होतो.

मला हलवलं ते त्याच सप्टेंबरमधल्या एका दुपारने.

ड्युटी संपली आणि मॅनेजरने कागद हातात दिला. मी नुकताच डेपोच्या बाथरूममधून आलो होतो. लॅबमध्ये गेलो. खिसे रिकामे करून सगळं कुलपात ठेवायचं, आतल्या कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकलेला, नळ बंद, म्हणजे कोणी नमुन्यात पाणी मिसळू नये. कपाला उष्णतामान दाखवणारी पट्टी असते, लघवी ताजी आहे की नाही हे त्यावरून कळतं. आमच्या नियमाने किमान ४५ मिलिलिटर लागतात. माझ्याकडून वीससुद्धा भरले नाहीत. कमी पडलेला नमुना ओतून देतात आणि घड्याळ लावतात: तीन तास. तेवढ्यात चाळीस औंसापर्यंत, म्हणजे लिटरपेक्षा थोडं जास्त, पाणी प्यायचं आणि तिथेच बसायचं. उठून गेलात तर टेस्टला नकार दिला असं धरतात, आणि नकार म्हणजे नापास.

त्या खुर्च्यांवर बसून मी पाणी पीत राहिलो. आपण जितकी घाई करावी तितकं शरीर आडमुठेपणा करतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मुलाला शाळेतून आणायचं होतं, शेजारच्या वहिनींना फोन करून विनवणी केली. पावणेतीन तासांनी नमुना झाला. कंपनीने ते तास भरून दिले, टेस्टचा खर्चही कंपनीचाच. तरी घरी आलो तेव्हा दिवसभर उन्हात गाडी हाकल्यासारखा थकलो होतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या, मांडीवर दीड-दोन वर्षांचं झोपलेलं मूल. त्या रोख मदतीच्या अर्जासाठी आल्या होत्या. खिडकीवर त्यांनी एक-एक डॉलरच्या नोटा मोजून दिल्या. त्या एका हॉटेलात खोल्या साफ करायच्या, तेही काम आठवड्यातून तीनच दिवस, आणि दोन बस बदलून लॅबला पोहोचल्या होत्या. आदल्या दिवशीही आल्या होत्या, पण ओळखपत्रात काहीतरी अडलं म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांची मजुरी गेली. नाव पुकारलं तेव्हा मुलाला आत नेता येईना. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केले. मूल जड होतं, मानेजवळ घामाने ओलं झालं होतं. खुर्चीखालच्या त्यांच्या झिपवाल्या पिशवीत मुलाचा जन्मदाखला, भाड्याची पावती आणि आत्ताच मिळालेली तीस डॉलरची पावती असं सगळं एकावर एक घातलेलं दिसत होतं.

माझे ते तास कोणीतरी भरून दिले. त्यांचे कोणी दिले नाहीत. निकाल स्वच्छ आला तर तीस डॉलर परत मिळणार, पण दोन दिवसांची मजुरी, बसची तिकिटं आणि अनोळखी माणसाच्या हातात दिलेलं मूल, याची परतफेड कुठल्याच कलमात नव्हती. "मी देतो, तर त्यांनी का देऊ नये" हा माझा मुद्दा त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच मोडला. आम्ही दोघं एकच टेस्ट देत होतो, पण किंमत एकच नव्हती. सगळीकडे असंच होत असेल असा माझा दावा नाही. मी एक दुपार पाहिली. पण निर्णय घ्यायला मला तेवढी पुरली.

आणखी एक गोष्ट, आपल्या स्वयंपाकघरातली. अनारशांवरची खसखस. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन आणि कोडीन दिसू शकतं, म्हणूनच नोकरीच्या टेस्टसाठी केंद्राने १९९८ मध्ये अफूवर्गाच्या पदार्थांची नापास धरण्याची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळा असं सांगितलं. माझ्या कंपनीत असं काही निघालं तर डॉक्टर फोन करून विचारतो, औषध काय घेतलंत, काय खाल्लंत. मदतीच्या रांगेतल्या माणसासाठी एवढी चौकशी कोण करेल याची मला खात्री वाटत नाही. दिवाळीत मी अनारसे अजूनही खात नाही, बायको माझ्यासाठी चकली वेगळी काढून ठेवते.

मधला मार्गही आहे. युटाने २०१२ पासून रोख मदतीच्या अर्जदारांना आधी एक प्रश्नावली द्यायला सुरुवात केली आणि त्यात शंका आली तरच टेस्ट. पहिल्या वर्षात ४,७३० अर्जदार, त्यातल्या ४६६ जणांची टेस्ट, १२ जणांत ड्रग सापडलं. फ्लोरिडापेक्षा हे मला निश्चितच बरं वाटतं. निदान सगळ्यांना लॅबच्या खुर्चीवर बसवलं नाही. पण बारा जणांसाठी तेवढीही यंत्रणा कशाला, हा प्रश्न उरतोच, आणि त्याच पैशात उपचाराच्या किती जागा निघाल्या असत्या हे विचारावंसं वाटतं. फ्लोरिडात तर नापास झालेल्याची मदत वर्षभर बंद होती, उपचार पूर्ण केले तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येई. मात्र त्या उपचाराचा खर्च राज्य करणार नव्हतं.

कोर्टाचं काय झालं हेही पाहा, कारण त्यात माझ्या मूळ मुद्द्याचं उत्तर आहे. फ्लोरिडाच्या कायद्याविरुद्ध नौदलातला एक माजी सैनिक लढला, तो त्या वेळी ओरलँडोत शिकत होता आणि एकट्याने मुलगा वाढवत होता. डिसेंबर २०१३ मध्ये कायदा रद्द झाला, २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. संशय नसताना घेतलेली टेस्ट म्हणजे झडती, आणि त्यासाठी तसंच मोठं कारण लागतं, असा त्याचा गाभा. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या टेस्टला मान्यता दिली, कारण त्यांच्या चुकीने माणसं मरतात. माझ्या मागे चाळीस प्रवासी असतात, माझी टेस्ट व्हायलाच हवी. मुलासाठी डायपर घ्यायला जाणाऱ्या आईच्या मागे कोणती गाडी आहे? १९९७ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने जॉर्जियात निवडणुकीच्या उमेदवारांवर घातलेली टेस्टची सक्तीसुद्धा रद्द केली.

सांगलीला आमच्या चाळीत एक काकू होत्या. नवरा रोज संध्याकाळी गुत्त्यावर. रेशनच्या दिवशी काकू पिशवी आणि कार्ड घेऊन माझ्या आईच्या पुढे-मागे उभ्या असायच्या. दुकानदार वजनात मारायचा, साखर संपली म्हणायचा, पण नवरा पितो का हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि कार्ड अडवलं असतं तर नवऱ्याची बाटली सुटली नसती, पोरांची भाकरी गेली असती. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून आलं, तेव्हा मला त्या काकू आठवल्या.

तर माझं मत, वडीलकीच्या नात्याने सांगतो, पण ठरवायचं तुम्हीच. टेस्टची सक्ती नको. मदत द्यावी आणि व्यसनासाठी उपचाराची सोय त्याच कार्यालयात, शक्य तर त्याच दिवशी ठेवावी. तुमचं मन तरीही टेस्टकडे झुकत असेल तर फ्लोरिडासारखी सरसकट मागू नका, युटाची वाट त्यातल्या त्यात बरी. आणि पत्रात एवढं जरूर लिहा: पैसे अर्जदाराने आधी भरायचे नाहीत, नमुना अर्जाच्या खिडकीवरच घ्यायचा, मुलाला सांभाळायला कोणीतरी हवं, नापास झालेल्याला उपचाराची तारीख हातात मिळाली पाहिजे, आणि मुलांचा वाटा एक दिवसही थांबता कामा नये. हे सगळं होत नसेल तर टेस्टही नको.

माझं पत्र मी मागच्या सोमवारी टाकलं. त्यात आकडे दोनच आहेत, ४,०८६ आणि १०८. बाकी सगळं त्या पावणेतीन तासांबद्दल आहे.