नेक्स्टक्लेड: हॉस्टेलच्या खोकल्याचा माग काढताना

मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाऊन आलेल्या हॉस्टेलच्या मुली आठवड्याभरात तापाने, खोकल्याने आडव्या झाल्या. सगळ्यांत आधी खोकत होत्या मेसच्या काकू. मग काय, खापर त्यांच्यावर फुटलं आणि कामच बंद झालं. मला ते फार लागलं.

स्वॅबमध्ये एच३एन२ फ्लू निघाला. ७ नमुन्यांच्या एचए जनुकाचं (विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन बनवणारं) सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातल्या अक्षरांचं क्रमाने वाचन, बाहेरच्या लॅबकडून करून घेतलं. फाइली ३ आठवड्यांनी आल्या, त्याही नुसत्या ए-सी-जी-टीच्या ओळी. त्या उलगडल्या नेक्स्टक्लेडने, विषाणूंचे सिक्वेन्स तपासणाऱ्या ऑनलाइन साधनाने.

हे फुकट आहे. वेबसाइट उघडायची, एच३एन२ निवडायचं, फाइल ओढून टाकायची. मिनिटभरात तक्ता समोर: कुठलं अक्षर बदललं, कुठला क्लेड (विषाणूच्या वंशातली शाखा), वाचन किती भरवशाचं. एक नमुना लाल दिसला, मधली बरीच अक्षरं गायब होती. तो मी बाजूला ठेवला. सगळा हिशेब आपल्याच ब्राउझरमध्ये होतो, सिक्वेन्स कुठे पाठवावे लागत नाहीत. रुग्णांची माहिती हाताळणाऱ्याला याचं मोल कळेल.

मग वंशवृक्ष उघडला. ५ मुलींचे विषाणू एकाच फांदीवर, फार तर एका अक्षराचा फरक. काकूंचा मात्र वेगळ्याच फांदीवर, ११ अक्षरं दूर. एकीकडून दुसरीकडे जाताना आठवड्याभरात एवढे बदल होत नाहीत. मुलींना हा फ्लू काकूंकडून आलेला नव्हता.

उलट बाजूने मात्र जपून बोलावं लागतं. फ्लूचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, ८ तुकड्यांचा, सुमारे १३,५०० अक्षरांचा. एचए त्यातली जेमतेम १,७००. तेवढं जुळलं म्हणून मुलींनी एकमेकींना दिला असं ठरत नाही, पाचही जणी यात्रेतून तोच विषाणू घेऊन आल्या असतील. कोणाकडून कोणाला, हे नेक्स्टक्लेड सांगत नाही. त्यासाठी कोण कुठे जेवलं, कुठे झोपलं, याची वही लागतेच. ती आम्ही उशिरा सुरू केली.

तक्रार एकच, ते मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या विद्यार्थिनी पहिल्या तासाला बिचकल्या. मी फळ्यावर प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून दिला, मग दुसऱ्या दिवशी त्यांनीच झाड वाचलं.

तक्त्याची प्रिंट मी वॉर्डन मॅडमना नेऊन दाखवली. सोमवारी काकू मेसवर होत्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.