दोन मजली खिडकी प्लॅनमध्ये नीट दाखवायची तर रेव्हिट, आर्किकॅड की साधं ऑटोकॅड?

आमच्या नागपुरात बेसा, मनीष नगरकडे डुप्लेक्सचं काम आलं की जिन्याला खालपासून वरपर्यंत एकच उभी खिडकी पाहिजेच असते, आणि थ्रीडीत ती मस्त दिसते, पण पहिल्या मजल्याच्या प्लॅनमध्ये तिचं काय होऊन राहिलं हे कोणी बघतच नाही. आमच्या एका साइटवर तेच झालं. पहिल्या मजल्याच्या शीटवर तिथे सरळ भरीव भिंत छापून गेली, मिस्त्रीने शीट पाहून तीन फूट वीट चढवली आणि मग सगळी तोडावी लागली. मिस्त्रीची काहीच चूक नव्हती, शीट माझी होती. म्हणून जे आता घराची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवून राहिले आहेत त्यांच्यासाठी फक्त याच एका गोष्टीवर लिहितो.

आधी घोळ कुठे होतो ते समजून घ्या. प्लॅन म्हणजे घर एका उंचीवर आडवं कापून वरून बघणं, आणि रेव्हिटच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये (मिमीतल्या तयार साच्यात) ही उंची फ्लोअरपासून 1200 मिमी असते. समजा मजल्याची उंची 3 मीटर, खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, 600 वर आणि खिडकी 4500 उंच, म्हणजे ती 5100 पर्यंत जाते. पहिल्या मजल्याचा कट तळमजल्याच्या फ्लोअरपासून 4200 वर येतो, तो काचेतूनच जातो, त्यामुळे खिडकी आपोआप दिसते. पण तीच खिडकी 3400 उंच असली तर 4000 वर संपते, कट तिच्या 200 मिमी वरून जातो आणि प्लॅनमध्ये तिथे भरीव भिंत येते, खाली फ्लोअरपासून एक मीटरपर्यंत काच असूनही. आमचं नेमकं हेच झालं होतं.

रेव्हिटमध्ये याला चांगला उपाय आहे, प्लॅन रीजन. फक्त जिन्याभोवती चौकोन काढा, त्या चौकोनापुरता कट 600 वर आणा, बाकीचा प्लॅन जसाच्या तसा राहतो. मला तर या एका गोष्टीसाठीच रेव्हिट आवडतं. खालच्या मजल्यावरची उंच झरोक्यासारखी खिडकी असली तर वेगळा नियम लागतो, खिडकी कटच्या वर पण व्ह्यू रेंजच्या (प्लॅनमध्ये कुठून कुठपर्यंतच्या उंचीचं बघायचं त्या मर्यादेच्या) टॉपच्या आत असली तर रेव्हिट ती दाखवतं, दरवाजाला मात्र ही सवलत नाही. टॉप डिफॉल्टला 2300 असतो, म्हणून 2400 वर सिल असलेली खिडकी गायब होते आणि नवीन पोरं तासभर शोधत बसतात. टॉप वाढवा, येते. अजून एक, बाहेरून डाउनलोड केलेल्या फॅमिलीत, म्हणजे खिडकी-दरवाजाच्या तयार मॉडेलमध्ये, चिन्हाच्या रेषा असतात, त्यांच्यावर ‘कट झाल्यावरच दाखवा’ ही खूण नसली तर भलत्या मजल्यावरही रेषा उमटू शकतात. हे तपासूनच फॅमिली वापरा.

आर्किकॅडचा विचार वेगळा आहे, तिथे प्रत्येक वस्तूचा आपला होम मजला, म्हणजे ती ज्या मजल्याची धरली जाते तो, असतो. आधी भिंत एकच आणि पूर्ण उंचीची पाहिजे, मजल्यागणिक तुकडे केले की खालच्या तुकड्यातली खिडकी वरच्या तुकड्याला भोक पाडत नाही (रेव्हिटमध्येही आपोआप पडत नाही). मग भिंतीचं ‘शो ऑन स्टोरीज’ सगळ्या संबंधित मजल्यांवर ठेवायचं, आणि खिडकीचा फ्लोअर प्लॅन डिस्प्ले सिंबॉलिकवरून प्रोजेक्टेडवर (खऱ्या कटप्रमाणे दाखवणाऱ्या पर्यायावर) न्यायचा. सिंबॉलिकमध्ये खिडकी नुसती चिन्ह म्हणून येते, खरा कट कुठून जातो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की आर्किकॅड फार सरळ वाटतं, आणि माझ्या मते तिथले प्लॅन दिसायलाही स्वच्छ असतात. पण कटची उंची पूर्ण व्ह्यूला एकच लागते, रेव्हिटसारखा तुकड्यापुरता वेगळा कट देता येत नाही, आणि आपल्या 3400 च्या खिडकीसारखी केस आली की इथेच हात अडतो. मॅक वापरत असाल तर मात्र दुसरा विचार नको, रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं.

ऑटोकॅडमध्ये कट बिट काही नाही, तुम्ही काढाल तेच दिसेल. मंजुरीसाठी ड्रॉइंग शेवटी डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या फाइलमध्ये) द्यायचं असतं म्हणून नागपुरात बहुतेक ऑफिसात ते असतंच, आणि छोट्या घराला पुरतंही. पण खिडकी दोन्ही मजल्यांवर हाताने काढावी लागते, एका ठिकाणी बदलली की दुसरीकडे राहून जाते, आणि ब्लॉक (खिडकीची तयार चिन्हं) मोजले तर एक खिडकी दोन मोजली जाते. रेव्हिटच्या शेड्यूलमध्ये (आपोआप बनणाऱ्या यादीत) ती एकच असते, दोन प्लॅनवर दिसली तरी. फॅब्रिकेटरला ऑर्डर द्यायची वेळ आली की हा फरक कळतो.

स्वीट होम थ्रीडी फुकट आहे आणि घरमालकाने स्वतः बसून बघायला छान. लेव्हलपेक्षा उंच वस्तू ते वरच्या लेव्हलच्या प्लॅनमध्येही दाखवतं, पण कटची उंची ठरवता येत नाही, त्यामुळे साइटवर द्यायचं ड्रॉइंग त्यातून काढू नका.

मुख्य दरवाजा आणि त्यावर वरपर्यंत काच असं डिझाइन असलं तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये 2100 चा दरवाजा वेगळा आणि वरची खिडकी वेगळी ठेवा. पाच मीटरचा एकच दरवाजा टाकला तर पहिल्या मजल्यावरही पल्ला उघडण्याचा कंस येऊ शकतो, तिथे तर पल्लाच नाही.

माझं मत विचाराल तर डबल हाइटची (दोन मजली उंचीची) कामं नेहमी येत असतील, टीम दोन-तीन जणांची असेल आणि विंडोज मशीन असतील तर रेव्हिट घ्या, हलकं रेव्हिट एलटी घेतलं तरी प्लॅन रीजन त्यात मिळतं. एकटे काम करता, मॅक आहे, दिसण्यावर जीव आहे तर आर्किकॅड. पण पैसे देण्याआधी ट्रायलवर तीन खिडक्या काढून बघाच, एक 4500 ची, एक 3400 ची आणि एक 2400 च्या सिलची झरोका खिडकी, आणि दोन्ही मजल्यांचे प्लॅन कागदावर प्रिंट काढून साइटच्या मिस्त्रीला विचारा, भाऊ, इथे वीट लावशील की काच?